गुलछडीला लोखंड लावू नये

॥ श्री ॥

शेतातलं घर, ता. चाकूर
दि. १० ऑगस्ट २०२५

चि. सौ. अंबूस,

धुरपताअक्काचे अनेक आशीर्वाद. इकडं सगळे बरे हाय, तिकडची खुशाली कळवावी. असं लिहायची रीत हाय म्हून लिहिलं. तिकडची खुशाली साऱ्या गावाला माहीत हाय, मलाच तेवढं कुणी सांगत न्हाई.

फोन लावू लावू बोट दुखलं. आधी वाजायचा तरी. आता तर वाजतबी न्हाई. वर्षाराणीनंबी माझा नंबर बंद केला म्हणतेत. तुझी लेक असली तरी न्हाऊमाखू मी घातलं तिला. नांदेडच्या कॉलेजात गेली न् मावशी नको झाली. ऱ्हाऊ दे. शेषेराव नांदेडच्या दवाखान्यात डबा घेऊन येणार हाय, त्याच्या हाती हा कागद देते. आपला भाऊ असला तरी त्याच्याकडून वाचून घेऊ नको. तू वाच.

भावजींनी डोळे उघडले का? शेषेरावला विचारलं तर म्हणतो, हाय तसंच. तोंडातून जात न्हाई म्हून पातळ गरगट नाकाच्या नळीनं देतेत म्हणला. त्यांना आंबाड्याच्या भाजीशिवाय घास जात न्हाई, नळीनं काय पोट भरणार? तू जेवतीस का? तू जेवत नसशील. लहानपणापासून तुझं असंच हाय, राग आला की ताटावरून उठायचं.

तुझ्या घराला कुलूप हाय, पण कोंबड्या मी झाकते रोज. म्हशीचं दूध तुझ्या वाट्याचं विकत न्हाई, तूप कढवून ठेवलंय. तुझ्या परसात पाणी घालायला गेले की शेजारची नाक मुरडते. मुरडू दे. तिच्या नाकाला काम नको का.

गुलछडी लई फुलली औंदा. आपली, मायच्या घरची, कळीवर गुलाबी झाक असलेली. बाजारात डबल म्हून विकतेत ती निस्ती पांढरी, तिला आपला तो रंगबी न्हाई न् वासबी न्हाई. एका मांडवात दोघी बहिणी दोघा भावांना दिल्या, तवा मायनं दोघींच्या ओटीत हळकुंडाच्या जागी हिचे कांदे घातले. आठवतं का, काय म्हणली होती? हातानं उकरा, हातानं लावा, लोखंड लावू नका. मी म्हणले लोखंडानं काय होतं, तर थोबाडीत मारायला उठली. पुढं वाटणी झाली, सासरे बांधावर दगड रोवा म्हणले. तूच म्हणलीस, मामंजी, दगड कशाला, माणसं दगड सरकवतेत. गुलछडी लावू, फूल कोण सरकवील? सासरे हसले होते. दोघींनी ढोपरावर बसून सगळा बांध लावला.

आता त्या दिवसाचं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी जे झालं ते झालं. आपलेच दात न् आपलेच ओठ. भावजी कुऱ्हाड घेऊन आले, ह्यांच्या दंडावर वार केला, झटापटीत पाय घसरून हिरीवरल्या मोटारीच्या चौथऱ्यावर पडले. असं सगळे सांगतेत. ह्यांच्या दंडाला टाके पडलेत, ते तू बघितलं न्हाईस.

तू फिर्यादीत संगमेशचं नाव कामून घातलंस, अंबू? दोघा भावांचं भांडण होतं, त्याच्यात पोरगं कशाला? पोलीस भरतीचं त्याचं ग्राउंड तोंडावर हाय. दोन साल झाले, पहाटं उठून पळतो. जामीन झालाय, पण नाव लागलेलं ऱ्हायलं की संपलं सगळं. माझं एकच हाय ते. टायफॉइडमध्ये मी दवाखान्यात पडले तवा शेळीचं दूध कापसानं पाजून तूच जगवलंस त्याला. तुझ्या हातानं जगवलेलं, तुझ्याच हातानं मारू नको.

नाव काढून घे. तुझ्या पायावर डोकं ठेवायला नांदेडला येते म्हणलीस तर येते. थोरली असून येते.

कागदाचं उत्तर दे.

तुझी
धुरपताअक्का


शेतातलं घर
दि. २४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. अंबूस,

आशीर्वाद.

शेषेरावनं सांगितलं. माझा कागद उभ्याउभ्या वाचलास, फाडलास न् दवाखान्याच्या केराच्या डब्यात टाकलास. बरं केलंस. तुझ्या जागी मी असते तर आणणाऱ्याच्या तोंडावर मारला असता.

खोटं होतं त्याच्यात. सगळं न्हाई. म्हैस, कोंबड्या, तूप खरं होतं.

परवा पोळा झाला. पोळ्याला बैलाला शिवीबी देत न्हाईत. संगमेशनं शिंगं रंगवायला घेतली, ढवळ्यानं मान हलवली न् रंग सांडला. एवढंच. पोरानं साखळी काढली न् त्या जनावराच्या तोंडावर मारत सुटला. डोळ्यातून रगत आलं. आम्ही सगळे बघत राहिलो. ह्यांनी काय म्हणावं? म्हणले, मर्द झालं पोरगं. ढवळ्याचा तो डोळा गेला, अंबू. तसाच झूल घालून मारुतीपुढं नेला. लोकांनी बघितलं न् माना खाली घातल्या. आमच्या घराकडं बघायला आता गाव भेतं, न् ह्यांना वाटतं मान वाढला.

मी घरात हळू चालते. ताट आपटलं तरी मागच्या दारात जाऊन उभी ऱ्हाते. तुला माहीत हाय मी कशी बोलते, सासऱ्याला ऐकवलं, सरपंचाला ऐकवलं. पोटच्या पोराला बोलायच्या आधी आता त्याच्या हातात काय हाय ते बघते.

बांधाचं सांगते. तुला ठाऊकच हाय, पण माझ्या तोंडून तू ऐकलं न्हाईस.

उन्हाळ्यात तुम्ही तिघं नांदेडला गेलात, वर्षाराणीची खोली बघायला. त्या आठवड्यात ह्यांनी दोन गडी लावले, कुदळीनं गुलछडी सगळी खणली न् तुमच्या रानात आत सरकवून लावली. बांध सरकवला. हिरीकडची चांगली पट्टी इकडं आली. भावजी आल्यावर बोंबलले तर हे म्हणले, बांध इथंच होता, गुलछडी बघ की, तुझ्याच बायकोनं लावलेली. चोराच्या उलट्या बोंबा. मोजणी आणायची म्हणलं तर वाटणी तोंडी, सातबारा अजून सासऱ्याच्या नावानं, मोजणारा मोजणार काय? मग भावजींनी बाजारात सगळ्यांपुढं संगमेशच्या कानफटात मारली. बापाचा राग पोरावर काढला. ते चुकलं त्यांचं. ती चापट त्या पोरानं गिळली न्हाई, चघळत ऱ्हायला.

पण ह्यांना एक माहीत नव्हतं. गड्यालाबी न्हाई. बापय माणसानं कधी त्या फुलाला हात लावलाय का? कुदळीनं खणलं की मोठा कांदा येतो न् बारकी पिल्लं तुटून खाली ऱ्हातेत. हातानं उकरलं तरच सगळी येतेत. माय थोबाडीत मारायला उठली होती ते उगं न्हाई. आषाढात आमच्या सोयाबीनमधून पाती वर आली. जुन्या बांधावर, सरळ ओळीत, कुणी दोरी धरून पेरल्यागत. खुरपायला मीच होते. मी बघितली न् सोयाबीनची पानं त्याच्यावर सारून पुढं गेले.

नागपंचमीला रानात कुणी काम करत न्हाई, जमिनीला लोखंड लावत न्हाई. त्या दिवशी भावजी नुस्ते हिंडायला आले असतील. त्यांनी बघितली.

आता ती ओळबी न्हाई. पोलीस पंचनाम्याला परत येणार म्हणल्यावर ह्यांनी ट्रॅक्टर आणला न् त्या पट्टीत रोटा मारला. उभं सोयाबीन, शेंगा धरलेलं. उभा मारला, आडवा मारला. गावातलं कुणी विचारलं तर सांगतेत, रोग पडला होता. पात्याखाली सगळं बारीक झालं. मी बांधावर बसून होते. नांगरलेल्या रानाचा येतो तसा वास न्हाई आला, गुलछडीच्या चिरलेल्या कांद्याचा आला, उग्र. संध्याकाळी भाकर खाल्ली न्हाई.

आता बांध कुठं होता ते सांगायला कुणी न्हाई. त्या दिवशी काय झालं ते सांगायलाबी न्हाई. ह्यांची साक्ष संगमेश, संगमेशची हे. उंदराला मांजर साक्ष. जबाब घ्यायला आले तवा मी गोठ्यात होते म्हणले. काय बघितलं न्हाई म्हणले. खरं तर भाकर घेऊन मी बांधावर उभी होते.

अंबू, भावजी कुऱ्हाड घेऊन आले नव्हते. रिकाम्या हातानं आले होते. ते वाकले होते.

पुढचं मला लिहवत न्हाई. एक सांग, डॉक्टर काय म्हणतेत? भावजी बरे झाले तर कुणाला काय सांगायची गरजच पडणार न्हाई, ते स्वतः सांगतील, न् माझ्यावरचं ओझं उतरंल. रोज दिवा लावून हेच मागते. माणूस जगावं म्हून न्हाई, मला बोलावं लागू नये म्हून. बघ कशी हाय तुझी अक्का.

महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या. ज्येष्ठेची वेणी मी करायची न् कनिष्ठेची तू. औंदा कसं करू?

धुरपता


जळकोट, शेषेरावचं घर
दि. ६ सप्टेंबर २०२५

चि. अंबूस,

वर हात सवयीनं चालला होता. एक अक्षर लिहिलं न् खोडलं. खोडलेलं तुला दिसू नये म्हून कागद नवा घेतला. ते अक्षर माझ्या पोटच्या पोरानं पुसलं तुझ्या नावापुढून. आशीर्वाद कोणत्या तोंडानं देऊ?

अक्षर वाकडं येतंय. डाव्या हातानं लिहून राहिले. का ते सांगते, पण आधी भावजींच्या मातीचं.

नांदेडहून भावजींना घेऊन गाडी आली तवा मी दारात उभी होते. तू उतरलीस. तुला धरायला पुढं आले तर तू मला अशी बाजूला सारलीस, जसं दारातलं जनावर सारतेत. बरोबर केलंस. मग गावकरी विचारायला लागले, माती कुठं द्यायची, सासऱ्याच्या बाजूला का? आपल्यात माणूस स्वतःच्या रानात ठेवतेत. तू बोट केलंस. रोटा मारलेल्या त्या पट्टीकडं. म्हणलीस, त्यांच्या रानात ठेवा, ते त्यांचं रान हाय. हे पुढं झाले, पण पोलिसाची गाडी उभी होती न् सारं गाव होतं. मागं सरले. तुझी छाती मी बघितली त्या दिवशी, अंबू. मला वाटायचं तू धाकटी.

खड्डा खणताना तू खालीच बघत होतीस, तुला कळलं का न्हाई माहीत न्हाई. रोटा वरचीवर फिरतो, खाली जात न्हाई. कमरेएवढा खड्डा झाला न् बाजूच्या मातीत कांदे दिसले. एक, मग त्याच्या बाजूला एक, ओळीनं. खणणारा संगमेशचाच दोस्त, ईश्वरप्पाचा पोरगा, तो टिकाव उचलून थांबला. सगळे वाकून बघाय लागले. ह्या गावात कुणाला ठाऊक न्हाई की ती गुलछडी कुणी लावली न् कुठं लावली? त्या पोरानं परत टिकाव उचलला, तवा मी म्हणले, थांब. लोखंड लावू नको.

मी खाली उतरले. बाई माणूस मातीच्या खड्ड्यात उतरत न्हाई, मी उतरले. बोटांनी एकेक काढला. पदरात घेतले. वर आले तर तू पहिल्यांदा माझ्याकडं बघितलंस. त्या बघण्यात काय होतं मला कळलं न्हाई. माया नव्हती. पण मला तेवढ्यावर अन्न गोड लागलं असतं.

घरी गेल्यावर ह्यांनी दार लावलं. पदरातले कांदे टाक म्हणले. मी टाकले न्हाई. मग जे झालं ते बायकांना सांगायची गरज न्हाई. जात्याच्या खुंट्यानं मारलं, उजव्या मनगटावर, ज्या हातात पदर धरला होता त्याच्यावर. हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं न् मग दुखलं. संगमेश तिथंच बाजेवर बसून मोबाईल बघत होता. मी म्हणले, संगमेश, हात मोडला रे माझा. त्यानं वर बघितलं न्हाई. तवा मला कळलं की हे इथं थांबणार न्हाई. आज दुसऱ्याचं डोकं, उद्या माझं, परवा येईल त्या सुनेचं. न् त्याला पोलीस व्हायचंय. काठी द्यायची त्याच्या हातात.

आता ऐक. जे तू भावजींच्या बाजूला इतके दिवस बसून त्यांच्या तोंडून ऐकायची वाट बघितलीस, ते ऐक.

भावजी रिकाम्या हातानं आले. हसत आले. लांबूनच म्हणले, "दादा, इकडं ये, गंमत दाखवतो." हे गेले. संगमेश बाजूला पाटाची माती ओढत होता. भावजी सोयाबीनमध्ये वाकले, पानं सारली न् म्हणले, "हे बघ, आपल्या बायकांच्या मायनं दिलेलं परत आलं. आता तुझं माझं भांडण मिटलं. राग धरू नको, चल, धुरपतावैनीच्या हातची भाकर खाऊ." मी भाकर घेऊन तिथंच बांधावर होते. मला बघितलं त्यांनी. माझं नाव घेतलं ते शेवटचं बोलणं.

संगमेशनं मागून फावडं मारलं. ओल्या मातीवर मारल्यावर येतो तसाच आवाज आला, म्हून मला वाटलं मातीवरच मारलं. भावजी गुडघ्यावर बसले, हात त्या पातीवरच होता. दुसऱ्यांदा फावडं उचललं तवा मी ओरडले. त्यानं माझ्याकडं बघितलं. माझा आवाज ओळखून, माझ्या डोळ्यात बघून, मग मारलं. म्हून मला कुणी सांगू नये की तोल गेला, रागात झालं, पोर हाय. तो माझं ऐकून थांबू शकत होता.

कुऱ्हाड तुझ्याच कोठ्यातून आणून टाकली. ह्यांच्या दंडावरची चीर ह्यांनी गोठ्यात बसून स्वतः पाडली, कोयत्यानं, दात आवळून. हळद मी दाबली. भावजी तवर तिथंच पडून होते, तोंडातून फेस येत होता, न् मी नवऱ्याच्या खोट्या जखमेला हळद दाबत होते. एवढंबी मी जबाबात सांगितलं. काहीबी ठेवलं न्हाई.

हो, जबाब दिला. मोडलेला हात फडक्यात बांधून पहाटंच्या जीपनं चाकूरला गेले. लिहून घेणारी बाई होती. नवऱ्याचं नाव विचारलं. जिंदगीत उखाण्याशिवाय घेतलं न्हाई ते तिथं सरळ घेतलं. वैजनाथ. त्यानंतर सगळं सोपं गेलं. मारणाऱ्याचं नाव विचारलं, तेबी सांगितलं. शेवटी विचारलं, तुमचं नातं काय? मी म्हणले, मयताची भावजय, फिर्यादीची बहीण, आरोपीची आई. ती म्हणली, बाई, एवढं मावत न्हाई, एकच सांगा. मी म्हणले, मग शेवटचं लिहा.

दुपारी दोघांना आणलं. मी बाकावर बसलेली. वैजनाथनं शिव्या दिल्या, त्याची मला सवय हाय. संगमेशला जवळून नेत होते तवा थांबला, माझ्या पायावर थुंकला न् म्हणला, "आजपासून मला आई न्हाई." मी पाय पुसला न्हाई. तसाच घेऊन शेषेरावकडं आले. रात्री वहिनीनं पाणी घातलं.

मी रडत न्हाई, अंबू. तुझ्यापुढं रडायचा मला हक्क न्हाई न् इतर कुणापुढं रडावं वाटत न्हाई. पण खोटं लिहायचं न्हाई ठरवलंय तर हेबी लिहिते. पहाटं जाग आली की कान लागतेत. अजून वाटतं, आता उठंल, बूट घालंल, पळायला जाईल. त्याच्या जेलात थंडी किती असंल, दूध मिळत असंल का, असलं मनात येतं. तुझ्या नवऱ्याला मारणाऱ्याच्या दुधाची काळजी. तुला राग येईल. येऊ दे. ती काळजी मी मरेपर्यंत करणार, न् कोर्टात उभं केलं तर मरेपर्यंत हाच जबाब देणार. दोन्ही मीच हाय.

महालक्ष्म्या औंदा उभ्या राहिल्या न्हाईत. मुखवटे दोन्ही पेटीत हायत, एकाच फडक्यात गुंडाळलेले. पेटीची किल्ली शेषेरावजवळ दिली, तू घेऊन जा. वेगळे करू नको एवढंच सांगणं.

खड्ड्यातले कांदे पिशवीत पाठवून राहिले. रोट्यानं एकालाबी चीर पडलेली न्हाई, मी बघून घेतलंय. ते माझे न्हाईत, तुझे हायत. वर्षाराणीच्या ओटीत घालायचे असतील तर ठेव, न्हाईतर गोदावरीत सोड. पण उकरायची वेळ आली तर हातानं उकर.

उत्तराची वाट बघत न्हाई. भावजींच्या मातीला पाणी घालायला तुला कुणी लागलं तर डावा हात चांगला हाय.

तुझी अक्का,
संगमेशची आई
धुरपता